अंदमानचं मावंदं

वरणात मीठ पडलंय की नाही, हे गीताकाकूंना दुरून, नुसत्या वासावरून कळतं. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्याच लग्नात मी अंतरपाटाच्या एका बाजूला घामाघूम होऊन उभा होतो, मंगलाष्टकं रंगात आली होती, आणि मंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या काकूंनी एकदम मान वळवली. "वरनात मीठ नाही बाप्पा," असं म्हणून त्यांनी हातातल्या अक्षता शेजारणीच्या हातात कोंबल्या आणि त्या चुलाण्याकडे चालू लागल्या. मीठ खरंच नव्हतं. माझ्या लग्नातली लोकांना आजही एवढीच गोष्ट आठवते.

मी गजेंद्र. वडनेर भोलजीत माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, आधार, रेल्वेचं तिकीट. सर्व्हर बंद पडला तरी लोक मलाच शिव्या देतात आणि त्यांचा अंगठा मशीनवर उमटला नाही तरी मलाच. त्यामुळे माझा स्वभाव तिरसट झालाय असं बायको म्हणते. मला तसं वाटत नाही, पण तिच्याशी वाद घालायला वेळ कुणाला आहे? काकूंपुढे मात्र माझी तिरसटगिरी चालत नाही. त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे आणि लहानपणी माझं निम्मं जेवण त्यांच्याच ओट्यावर झालेलं आहे.

काकू आता साठीच्या. ठेंगण्या, सावळ्या, हाताला कायम कणकेचा वास. गल्लीत लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, पहिलं बोलावणं काकूंना. आचारी सांगितलेला असला तरी "काकू, तुमी नुसत्या बसा, लक्ष ठेवा" असं म्हणून त्यांना न्यायचं आणि मग बसू मात्र द्यायचं नाही, अशी आमच्या गल्लीची रीत. सगळ्या पंगती उठल्यावर, भांडी घासायला पडल्यावर, काकू कुठल्याशा कोपऱ्यात तळाचं खरवडून काहीतरी खातात. त्या कधी जेवतात, गरम जेवतात की गार, हे कुणी पाहिलेलं नाही. मीही नाही.

त्यांचे यजमान उकंडराव. सहा एकर वावर, कापूस आणि तूर, तब्येत ठणठणीत, आणि तोंडाला कुलूप नाही. चार माणसं समोर दिसली की काका काय बोलून बसतील याचा नेम नसतो. दुसरी खोड म्हणजे काकूंच्या हातची भाकर सोडून त्यांच्या घशाखाली काही उतरत नाही. पोरीच्या लग्नातसुद्धा, वऱ्हाड जिलबी खात असताना, मांडवामागे वधूची आई नवऱ्यासाठी भाकरी थापत बसली होती.

तर त्यांची पोरगी करिष्मा. ती पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. दिवाळीला आली तेव्हा तिनं विचारलं, "आई, तुले काय पाह्यजे? साडी नको सांगू."

काकू करंज्या तळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले समुद्र पाह्याचा हाय."

"हाव, अन्?"

"अन् काही नाही. पाच दिवस समुद्रापाशी बसाचं. त्या पाच दिवसांत मी चुलीले हात लावनार नाही अन् मले कोनी भाकर मागाची नाही."

मी तिथेच होतो, कारण करंज्या तळणं चालू असताना मी घरी थांबत नाही. काकांचा चिवड्याचा घास हातातच राहिला. चाळीस वर्षांत काकूंनी काही मागितलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी करिष्मा दुकानात हजर. थायलंड किंवा बाली म्हणे. तिच्या सोबतच्या दोन नर्सा आईवडलांना घेऊन जाऊन आल्या होत्या. मी म्हटलं, आधी पासपोर्ट काढावा लागेल. तिनं काका-काकूंना बोलावून घेतलं आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

"काकू, जन्मतारीख?"

"आमच्या वावरातल्या विहिरीले पानी लागलं तवाची."

"त्याचा दाखला आहे?"

"विहीर हाय ना."

काकूंच्या आधार कार्डावर नुसतं साल होतं, काकांच्या निदान पूर्ण तारीख. पण अर्जात पुढे लिहिलं होतं की पोलीस पडताळणी होईल. मी ते मोठ्यानं वाचलं आणि काका खुर्चीतून उठलेच.

"पोलीस? माह्या घरी?"

"नुसती चौकशी असते काका."

"तुले माहीत हाय चौकशी. गावाले थोडी माहीत हाय? पोलीस दारातून जाईपर्यंत मी चोर झालेला असन. नाही पाह्यजे आपल्याले पासपोर्ट. समुद्र काय फक्त त्याह्यच्याचकडे हाय काय?"

बोलणं रास्त होतं. मग मी कॉम्प्युटर फिरवून त्यांच्याकडे केला आणि पासपोर्ट लागत नाही, समुद्र आहे, नारळाची झाडं आहेत, थंडीतही ऊन आहे, अशा जागा दाखवायला लागलो. गोवा काकांनी लगेच खोडून काढला. गोव्याला गेलो म्हटलं तर वापस आल्यावर लोक तोंडाचा वास घेतील, असं त्यांचं म्हणणं. केरळ काकूंना आवडलं होतं, पण काकांनी विचारलं, "तिथं रेल्वे जाते?" मी हो म्हटलं. "मंग ते बाहेर कसं? नांदुऱ्याले गाडीत बसाचं अन् तिथं उतराचं. त्याच्यात काय सांगाचं लोकाह्यले?" लक्षद्वीपला वेगळा परवाना लागतो आणि त्यासाठी पुन्हा पोलिसांचा कागद, म्हणून तेही गेलं.

"आवो, पन उन्हात काऊन जाऊन राह्यलो आपन?" काकूंनी मधेच विचारलं. "वडनेरले काय बरफ पडून राह्यला?"

तेही खरंच. उन्हाळ्यात आमच्याकडे हातपंपाच्या दांड्याला फडकं गुंडाळून पाणी हापसतात. पण करिष्मानं अंदमानचा फोटो उघडला. निळं पाणी, पांढरी वाळू, एक रिकामी खुर्ची. काकूंनी बाकी काही पाहिलं नाही, खुर्चीवर बोट ठेवलं.

"ही खुर्ची आपल्याले भेटन काय?"

झालं. अंदमान ठरलं. आधार कार्ड दाखवायचं आणि विमानात बसायचं. नागपूरहून चेन्नई, तिथून पोर्ट ब्लेअर, पुढे बोटीनं हॅवलॉक बेट. फेब्रुवारीतली दोघांची तिकिटं मी काढून दिली. तोवर कापूस वेचून होतो, तूरही घरात येते.

बातमी गावात फिरली आणि फिरताना तिनं आपलं रूप बदललं. संध्याकाळी तानुबाई काठी टेकत काकूंच्या ओट्यावर आल्या. तानुबाई नव्वदीच्या पुढच्या. त्यांनी काकूंच्या गळ्यात पडून जो हंबरडा फोडला त्यानं माझ्या दुकानातली रांग मोडली.

"अवं माय, काय गुन्हा केला वं उकंडानं? काया पान्याची सजा कशी काय झाली त्याले?"

त्यांना समजावून सांगायला अर्धा तास गेला. आता तिथे कैदी पाठवत नाहीत, लोक हौसेनं जातात, हे त्यांना पटेना. हौसेनं काळ्या पाण्याला जाणारा माणूस त्यांच्या मते गुन्हेगाराहून वाईट होता. शेवटी त्यांनी काकूंच्या कानात विचारलं, "मंग तू काऊन जाऊन राह्यली? तुह्यावर बी केस हाय?"

निघायचा दिवस आला. आमच्याकडे कुणी काशीला, रामेश्वरला निघालं की अख्खी गल्ली हायवेच्या फाट्यापर्यंत पोचवायला येते. हार, नारळ, बायका ओटी भरतात. आणि तो माणूस परत आला की मावंदं घालतो, म्हणजे यात्रेचं गावजेवण. आणलेलं तीर्थ वाटायचं आणि सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. अंदमान काही यात्रेचं ठिकाण नाही. पण गल्लीला माणूस दूर पाठवायची एकच पद्धत ठाऊक. म्हणून लोक आले. हार आले, डफडं आलं. सरस्वतीबाईंनी, म्हणजे आमच्या समोरच्या घरच्या बाईंनी, ज्वारीचं पीठ, बेसन आणि ठेच्याची बरणी आणून काकूंच्या बॅगेत गुपचूप खुपसली. "भाऊजीचं तिकडे कसं होईन?" या काळजीनं.

काकांच्या गळ्यात सात हार पडले. डफडं वाजत होतं. आता हे काहीतरी बोलणार, हे मला त्यांच्या छातीवरूनच कळलं. त्यांनी हात वर केला.

"वापस आलो की मावंदं! कोनाच्या घरी चूल पेटाची नाही!"

टाळ्या पडल्या. पुंजाजीदादांनी शिट्टी मारली. पुंजाजीदादा काकांचे लहानपणापासूनचे दोस्त, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. ते बौद्ध, त्यांचा यात्रेशी काही संबंध नाही. "मले मावंद्याशी काही घेनं नाही," ते मला म्हणाले, "पन जेवनाशी हाय."

मी काकूंकडे पाहिलं. त्या ऑटोत बसल्या होत्या, मांडीवर नारळांची पिशवी. हसू होतं ते मावळलं होतं. मला वाटलं, घर सोडताना वाईट वाटत असेल. मी किती मठ्ठ माणूस आहे हे मला पुढे चार दिवसांनी कळलं.

पुढचं मी फोनवरून आणि नंतर दोघांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. काकांचं सांगणं वेगळं, काकूंचं वेगळं. जिथे फरक पडतो तिथे मी काकूंचं खरं धरलं आहे.

ठेच्याची बरणी सापडल्यावर काकूंनी ती हातातल्या पिशवीत ठेवली होती. नागपूरला तपासणीवाल्यानं ती उघडली, नाक जवळ नेलं, आणि पुढची दहा मिनिटं ती रांग बंद होती. तो शिंकत होता आणि काका त्याला सांगत होते, "साहेब, लवंगी नाही हाय, साधीच मिरची हाय." बरणी तिथेच राहिली.

बोटीत काकांना ओकाऱ्या झाल्या. काकूंना काही झालं नाही. बैलगाडीतून माहेरी जाताना याहून जास्त हलायचं, असं त्या म्हणाल्या.

हॅवलॉकला पोचल्यावर काकांनी पहिलं काम काय केलं, तर दहा लिटरची कॅन विकत घेतली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि समुद्र भरून घेतला. मावंद्याला तीर्थ नको? तिथले दोन परदेशी पाहुणे पाहत होते. काकांनी त्यांनाही हात जोडून नमस्कार केला.

आणि खुर्ची भेटली. फोटोतल्यासारखीच. काकू पहिल्या सकाळी तिच्यात जाऊन बसल्या. चूल नाही, दळण नाही, कुणी हाक मारत नाही. तिथे उजाडतंही आपल्याआधी. काकांनी मला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, "पाह्य गजा, तुही काकू कशी महारानीवानी बसून राह्यली." काकू समुद्राकडे बघत होत्या आणि बोटांची पेरं मोजत होत्या. मी म्हटलं, जप करत असतील.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र काकांची अवस्था बिकट झाली. तिथे भात आणि मासे. काका माशाला शिवत नाहीत आणि नुसता भात म्हणजे त्यांच्या लेखी आजाऱ्याचं खाणं. पण काकूंनी दिवाळीत घातलेली अट त्यांना आठवत होती. भाकर मागायची नाही. मागायची नाही म्हणजे नाही. म्हणून ते नुसते खुर्चीभोवती फिरत राहिले आणि मोठमोठे उसासे टाकत राहिले. काकूंनी लक्ष दिलं नाही. मग ते वाळूत बसले आणि विचारलं, "कोनाचा जप चालू हाय तुहा तीन दिवसांपासून?"

"जप नाही. पंधरा किलो तुरीची डाय. वांगे पंचवीस किलो. पुरनाच्या पोया कराच्या तं हरबरा डाय वेगळी. सरस्वती पोया लाटन, पन तिचा हात दुखते. तवा कोनाचा आनाचा?"

"अवं, समुद्र पाह्यना! एवढा समोर हाय."

"पाहूनच राह्यली. मले त्याच्यात वरन दिसून राह्यलं."

काका हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी काकांकडे वळून जे म्हटलं ते काकांनी मला पुढे तीनदा सांगितलं.

"तुमी मले पाच दिवस देले. अन् फाट्यावर उभं राहून, गयात हार घालून, सारे वापस घेतले."

काका गप्प झाले. आता उकंडराव गप्प झाले म्हणजे काय, हे आमच्या गावाबाहेरच्या माणसाला समजणार नाही. ते उठले आणि खोलीत गेले. बॅगेतलं सरस्वतीबाईंचं पीठ काढलं आणि थेट हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरले. तिथला आचारी बंगाली. काका वऱ्हाडीत बोलले, तो बांगलात बोलला, आणि दोघांनी मिळून एक भाकर केली. काकांच्या आयुष्यातली पहिली. एक बाजू कच्ची, दुसरी कोळसा, आकार आपल्या नांदुरा तालुक्याच्या नकाशासारखा. ती ताटलीत घेऊन काका काकूंपुढे उभे राहिले. काकूंनी ती वाकवून पाहिली, ती वाकली नाही. बाजूच्या कुत्र्यापुढे एक तुकडा टाकला. त्यानं हुंगला, काकांकडे एकवार पाहिलं आणि तो दुसऱ्या खुर्चीपाशी जाऊन बसला.

तेव्हा काकू हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा, अगदी पोट धरून. काका म्हणतात, मी हसवायलाच तशी केली होती. इथे मी काकूंचं खरं धरतो.

त्याच दुपारी काकांचा मला फोन. दुकानात गर्दी होती.

"गजा, मावंदं आपन करू."

"करा ना. मी कुठे नाही म्हणतो?"

"आपन म्हंजे आपन, बे. गडी मानसं. तुही काकू पंगतीत बसन. पहिल्या पंगतीत. तिनं कायलेच हात लावाचा नाही."

"काका, तुम्हाला चहा येतो का करता?"

"नाही येत."

"मग?"

"म्हनूनच तुले फोन केला."

मी चिडून काहीतरी बोलणार होतो. मला हजार कामं असतात. पण एकदम डोळ्यासमोर काकूंचा ओटा आला आणि चाळीस वर्षांतला एकही दिवस आठवेना, ज्या दिवशी मी विचारलं असेल की काकू, तुम्ही जेवल्या का? एकही नाही. मला माझी लाज वाटली. रांगेतल्या माणसाला वाटलं सर्व्हर गेला.

पुंजाजीदादांना सांगितलं. ते म्हणाले पुरणाच्या पोळ्या आपल्या बापाच्यानं होणार नाहीत, रोडगे करू. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, वावरात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. आमच्याकडे रोडग्यांच्या पार्टीत पुरुष नेहमी गोवऱ्या पेटवतात आणि तेवढ्यावर स्वतःला आचारी समजतात. कणीक, वरण, भाजी बायकांकडेच असते हे कुणी मोजत नाही.

सरस्वतीबाईंनी नाक मुरडलं. "मावंद्याले रोडगे? असं कुठी असते काय?"

काका तोवर परत आले होते, नाकाची सालं निघालेली. ते म्हणाले, "अंदमानचं मावंदं तरी कुठी असते, वहिनी?"

रविवारी काकांच्या वावरात, चिंचेखाली, ऐंशी माणसं जमली. कामाला आम्ही आठ पुरुष. कणीक मळताना काकांच्या हातातली अंगठी हरवली आणि ती अमुक एका रोडग्यात असणार, असं पुंजाजीदादांनी जाहीर केल्यामुळे लोक पुढे घास जपून चावत होते. ती नंतर काकांच्या खिशात सापडली.

काकू सकाळपासून घरी कोंडल्यासारख्या बसल्या होत्या. सरस्वतीबाई पहाऱ्यावर. अकरा वाजता त्यांना वाजतगाजत आणलं आणि पहिल्या पंगतीत, मधोमध, पाटावर बसवलं. बाकी सगळे सतरंजीवर. काकूंना पाटावर कसं बसायचं तेच कळेना. त्या अर्ध्याच बसल्या, कुणी हाक मारली तर पटकन उठता यावं अशा.

आधी तीर्थ. काकांनी विमानाच्या सामानात टाकून आणलेल्या कॅनमधून पळीनं एकेकाच्या हातावर दिलं. पहिला मान तानुबाईंचा. त्यांनी भक्तिभावानं डोळे मिटून तोंडात घेतलं आणि दुसऱ्याच क्षणी समोरच्या माणसाच्या अंगावर फुर्रकन उडवलं.

"सांगत होती ना मी," त्या म्हणाल्या, "सजेचंच पानी हाय!"

कॅन जवळजवळ भरलेलीच चिंचेच्या बुंध्याशी जाऊन बसली. पंगत सुरू झाली. पत्रावळीवर रोडगा, वांग्याची भाजी. वांग्यानं पहिल्या घासालाच लोकांचे डोळे पांढरे झाले. भाजीत मीठ पुंजाजीदादांनीही टाकलं होतं आणि काकांनीही. मी वरणाची बादली घेऊन निघालो, काकूंपासून दहा हातांवर होतो, आणि काकूंची मान वळली.

माझ्या लग्नात वळली होती तशीच.

पंगतीला ती मान ठाऊक आहे. जेवणारे थांबले. काका पातेल्याशी हातात पळा घेऊन असे उभे होते, जणू कापूस चोरताना सापडले. भाजीत दोनदा पडलेलं मीठ वरणात पडायचं राहून गेलं होतं, आणि आणलेले पुडे संपले होते. काकूंचा उजवा हात जमिनीला टेकला. उठताना टेकतो तसा. ऐंशी माणसं त्या हाताकडे पाहत होती. मी मनात म्हणत होतो, काकू, नका उठू. एकदा नका उठू.

हात तसाच राहिला. मग काकूंनी तो उचलला, पदराला माती पुसली, आणि पाटावर मागे सरकून, पहिल्यांदाच, नीट मांडी घातली.

"आवो," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "वरनात मीठ नाही. पाहा आता तुमचं तुमी."

काका गडबडले. गाव तिथून दोन किलोमीटर, मीठ आणायला जाऊन येईपर्यंत पंगत उठली असती. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बुंध्याशी ठेवलेल्या कॅनवर त्यांची नजर गेली. "काका, नाही," असं मी ओरडलो, पण तोवर त्यांनी कॅन उचलली होती. भकाभका सगळा समुद्र पातेल्यात. पुंजाजीदादांनी खालचा जाळ वाढवला आणि वरणाला खळखळून उकळ्या आणल्या. पंगत रोडगा हातात घेऊन वाट पाहत बसली. कुणी उठून गेलं नाही.

मी बादली भरून पुन्हा निघालो आणि आधी काकूंपुढे वाकलो. चाळीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा वाढत होतो. थोडं पाटावर सांडलं. काकूंनी रोडगा कुस्करला, वरण कालवलं, घास घेतला. रोडगा गरम होता, त्यांनी तोंडातल्या तोंडात तो इकडून तिकडे फिरवला. काका पळा घेऊन जागेवरच उभे.

"कसं झालं वं?" त्यांनी तिथूनच विचारलं.

काकूंनी घास गिळला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि तेही जाळाच्या धुरानं नव्हे.

"तिथी समुद्रात वरन दिसे," त्या म्हणाल्या. "आता वरनात समुद्र दिसून राह्यला."

मग त्यांनी पत्रावळीवर बोटानं जागा केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"वाढ ना बे अजून," त्या म्हणाल्या. "पाहून काय राह्यला?"

मी वाढलं.